खळ्यावरची आरोळी

थळच्या केसरची आरोळी अख्ख्या कोळीवाड्याला पाठ होती. खळ्यावर मासळी सुकत घातली की ती सावलीत बसूनच "हाऽऽड!" म्हणून ओरडायची. घारी-कावळे माडांपलीकडे पळायचे आणि उरलेले हाकलायला सात वर्षांचा नातू निकेत काठी घेऊन धावत यायचा.

पण घरच्यांबरोबर सहलीला आलेली केसर फणसाडच्या जंगलात शिरताच वाटाड्याने बजावलं, "मावशी, इथं आवाज करायचा नाही. कालच या वाटेनं बिबट्या गेलाय."

झालं! गाडी लागली म्हणून सून फाटकाशीच बसून राहिली होती आणि दोन्ही पोरं हिच्या गळ्यात. या बयेला आजच बरी गाडी लागली! निकेत आणि धाकटी प्राप्ती, दोघांचे हात तिने असे आवळले की पोरं कळवळली. पाचोळा वाजला तरी ती थबकून मागे बघायची.

तेवढ्यात फांदीवर शेकरू दिसलं. निकेतने हात सोडवला आणि त्यामागे पळत वळणाआड दिसेनासा झाला. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं. केसरने क्षणभर कळ काढली, पुढे तिला राहवलं नाही. नातवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण निघालं ते रोजचंच.

"हाऽऽऽड!"

सगळं रान फडफडून उठलं. आणि वळणावरून निकेत धापा टाकत आला, हातात वाळकी काठी घेऊन.

"आजी, कुठं हाय घार?"

"गेली रे बाबा," केसर म्हणाली, आणि तिने काठीसकट त्याचा हात पुन्हा आवळून धरला.