माप माझ्याकडे, यादी त्यांच्याकडे

आधीच सांगतो, हे लिहायची मला हौस नव्हती. सहा ब्लाउजांचे हूक राहिलेत, डोळ्यांतनं पाणी येतंय, आणि ही सी ब्लॉकची मृण्मयी आठ दिवस झाले दुकानाच्या पायरीवर येऊन बसते. नागपूरची पोरगी. मराठी मंडळाच्या अंकाचं काम तिच्या गळ्यात पडलंय, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

"काका, तुम्ही जे सांगून राहिले ते लिहून द्या न."

म्हटलं, मी चौथी शिकलोय, ती पण कन्नड शाळेत.

"तर कन्नड अक्षरांत लिहा. मी शिकून राहिली न कन्नड. लावते वाचून."

एका अटीवर कबूल केलं. माझ्या मराठीला इस्त्री मारायची नाही. सुरकुती आहे तिथं सुरकुती राहू दे.

किस्से म्हणजे मशीनखालचं कातरण. कोण मुद्दाम जमवत नाही. पाय मारत राहायचं, वर्षभरानं खाली बघितलं तर पोतंभर झालेलं असतं.

०००

मी नागोजीराव. टेलर, लेडीज अँड जेन्ट्स, सर्जापूर रोड. माझं दुकान मांडलं तेव्हा समोर रागीचं शेत होतं. आता तिथं चार ब्लॉक उभे आहेत आणि रागी आतली माणसं डाएट म्हणून पाकिटातनं आणतात.

एकदा पुण्याच्या एक बाई ब्लाउज घेऊन आल्या. मी मराठी बोलतो म्हणून खूश झाल्या.

"अय्या, तुम्ही इथे कधी आलात?"

"साडेतीनशे वर्षं झाली असतील."

"नाही हो, तुम्ही स्वतः?"

"मी बहात्तर वर्षांमागं. आईच्या पोटातनं थेट इथंच उतरलो. तुम्ही?"

"आम्ही मार्चमध्ये."

मग त्यांनी माझ्याकडं फार मायेनं बघितलं आणि म्हणाल्या, "पण आता सवय झाली असेल ना तुम्हाला इथली?"

०००

मुंबईचा एक मुलगा पँट घेऊन आला. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, गळ्यात कंपनीचा पट्टा, कानात फोन. मला म्हणतो, "भैया, ये थोडा छोटा करना." आणि फोनमध्ये आईला मराठीत, "दर्जी म्हातारा आहे गं. त्याला कळतंय की नाही, देव जाणे."

मी पायाशी बसून टाचणी लावत होतो. म्हटलं, "कळतंय. दीड इंच. बूट घालून उभे राहा, सरळ."

तो सरळ उभा राहिला, अगदी शाळेत राहतात तसा. फोनमध्ये हळूच म्हणाला, "आई, हा मराठी बोलतोय." माझं मशीन बोललं असतं तरी पोरगा इतका दचकला नसता.

तसं माणसाचं मला पँटीवरनं कळतं. पुण्याचा असो, पाटण्याचा असो, ह्या रस्त्यावर आला की पहिल्या वर्षी पँट लांबीला कमी करायला आणतो आणि तिसऱ्या वर्षी कमरेला सोडवायला. तेवढ्यापुरता सगळा देश एक आहे.

०००

शेजारी मंजण्णाची शहाळ्याची गाडी. हा रोज सकाळी कन्नड पेपर मोठ्यानं वाचतो. रेडिओवर बातम्या देतात तसा आवाज. कळो न कळो, छापलंय ते सगळं वाचतो, टेंडरसुद्धा.

त्याच्या घरी तेलुगू. माझ्या घरी मराठी. पलीकडं फूलवाल्या सेल्वीकडं तमिळ. गेटवरचा वॉचमन ओडिशाचा. आमच्या चार दुकानांच्या ओळीत घरी कन्नड बोलणारं एक माणूस नाही. पण आम्ही भांडतो कन्नडमध्येच. दुसऱ्या कुठल्या भाषेत भांडलो तर मजा येत नाही.

मंजण्णा मला विचारायचा, "नागोजण्णा, तुमची वही कधी वाचू द्याल?"

माझी मापाची वही. अक्षर कन्नड, भाषा मराठी. शाळेत जे अक्षर शिकलो त्यात घरची भाषा लिहितो, माझा बाप पण असंच लिहायचा. त्या वहीत मी माप लिहितो आणि मापाखाली गिऱ्हाइकाबद्दल जे वाटलं ते पण लिहितो. भीती कसली? ज्याला अक्षर येतं त्याला भाषा येत नाही, ज्याला भाषा येते त्याला अक्षर येत नाही. असलं कुलूप बाजारात मिळत नाही.

०००

गणपतीला मंडळानं ढोलपथक काढलं. बत्तीस कुडते मी शिवले. सेक्रेटरी निखिल, बी ब्लॉकचा, पुण्याचा. सगळं लॅपटॉपवर आखतो. फेटे बांधायला पुण्याहून माणूस येणार होता, त्याची बस चुकली. बत्तीस पोरं पार्किंगमध्ये फोनवर व्हिडिओ बघत डोक्याला कापड गुंडाळताहेत. हॉस्पिटलमधनं पळून आल्यासारखी दिसत होती.

मी मशीन बंद केलं आणि एकेकाला समोर बसवून बांधत सुटलो. माझा बाप बांधायचा तसा.

पंधरा डोकी झाल्यावर निखिल आला. "आजोबा, हा कोल्हापुरी नाहीये. पुणेरी पण नाही."

"म्हैसुरी आहे. डोकं पुणेरी आहे ना? मग झालं."

त्याचं तोंड पडलं. पण मिरवणूक रस्त्याला लागली तेव्हा दर वर्षी आवाजाची तक्रार करणारे शेजारच्या गल्लीतले म्हातारे बाहेर आले, डोक्याकडं बोट दाखवून म्हणाले, "नम्म पेटा! नम्म पेटा!" आमचा फेटा म्हणत पाणी वाटलं, पोरांच्या पाठी थोपटल्या. त्या वर्षी पोलिसांत फोन गेला नाही. निखिलनं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की नियोजन चांगलं झालं.

०००

मग निघाली ती यादी. मराठी कुटुंबांची छापील यादी. त्यासाठी फॉर्म. निखिलनं मलाही एक दिला, बरं वाटलं. अकरा प्रश्न होते. मृण्मयीकडनं प्रश्न वाचून घेतले आणि दुपारी बसून भरले, शेवटचासुद्धा.

पहिलाच प्रश्न आडनाव. आमच्यात आडनाव नाही. म्हणजे होतं, आजोबाच्या वेळी शाळेत मास्तरनं त्याचं एक इंग्रजी अक्षर केलं आणि नावापुढं टांगलं. आता ते अक्षर कशाचं, हे सांगणारं कोण राहिलं नाही. मी लिहिलं, नाही.

निखिलनं फॉर्म हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"आजोबा, हा मराठीत भरायचाय."

"मराठीतच आहे."

"हे कन्नड आहे."

"अस्तर कन्नड आहे. कोट मराठी आहे. वाचून बघ."

"मला कसं वाचता येणार? आणि आडनाव नाही म्हणता, राव लावता. राव म्हणजे तेलुगू ना?"

फॉर्म परत दिला.  मी तो वहीत त्याच्याच मापाच्या पानात घडी करून ठेवला.

यादी छापून आली. शंभरावर कुटुंबं, आडनावाप्रमाणं. माझं नाव शेवटच्या पानावर, उपयोगी नंबरांत. गॅस दुरुस्ती, मग टेलर (कन्नड), मग पाण्याचा टँकर.

०००

मला म्हणाल तर टँकरशेजारी बसायला माझी हरकत नव्हती. हरकत होती राधक्काची. राधक्का म्हणजे माझी बायको. सगळा रस्ता अक्का म्हणतो.

संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू. बोलावणं यादीप्रमाणं. त्या पंधरवड्यात मी चाळीस ब्लाउज शिवले, काज-बटण राधक्कानं केलं. चाळीसही ब्लाउज त्या हळदीकुंकवाला जाणार होते. राधक्काला बोलावणं नव्हतं.

दर वर्षी ती तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे बारीक कापून एळ्ळु-बेल्ला करते आणि ओळीतल्या दुकानांत वाटते. ह्या वर्षी मोठा डबा भरून ठेवला होता. चार दुकानांना इतकं लागत नाही. मी विचारलं, एवढं कुणाला?

"कुणाला नाही," म्हणाली. मग हूक लावता लावता, वर न बघता, "ह्या सगळ्यांचे खांदे तुम्हाला पाठ. आणि त्यांतल्या एकीला तुमची बायको माहीत नाही."

"माहीत आहेस की. हसतात तुला."

"हसतात. बोलवत नाहीत."

मग दोन दिवस घरात सारात मीठ नव्हतं. मी तसाच जेवलो. बहात्तरीचा माणूस मीठ मागून भांडण ओढवून घेत नाही.

०००

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी दोरा संपला. राधक्का घरी. मी मंजण्णाला म्हटलं, दुकानाकडं बघ, नावाच्या चिठ्ठ्या लावल्यात, कोण आलं तर पिशवी दे. रस्त्यापलीकडनं दोरा घेऊन आलो.

म्हणजे येत होतो. सर्जापूर रोड ज्यानं सकाळी दहाला ओलांडलाय त्याला सांगायला नको. अलीकडं पाण्याचे टँकर, पलीकडं कंपन्यांच्या बसा. मी कडेला उभा, हातात दोऱ्याची रिळं, आणि समोर बघतो तर दुकानात आठ-दहा बायका आणि मंजण्णाच्या हातात माझी वही.

नंतर कळलं ते असं. निखिलची आई, मालतीबाई, पुण्याहून चार महिन्यांसाठी आलेल्या. त्यांच्या पिशवीची चिठ्ठी पडली होती. मंजण्णानं चांगल्या मनानं वही उघडली, मापावरनं ब्लाउज ओळखू म्हणून. अक्षर ओळखीचं. लागला वाचायला, बातम्यांच्या आवाजात. त्याला एक शब्द कळत नव्हता. बायकांना सगळे कळत होते.

मी पलीकडनं नुसती तोंडं बघतोय. एक बाई हसली. दुसरी लाल झाली. तिसरीनं पदर तोंडाला लावला. हॉर्नमधनं मला एवढंच ऐकू आलं, "...कंबर छत्तीस, सांगतात बत्तीस, देव त्यांचं भलं करो."

मी हात हलवला. मंजण्णानंही हलवला, आणि पान उलटलं.

धावत पोचलो तेव्हा तो मालतीबाईंच्या पानावर होता. "केळकर आजी. छाती अडतीस. उजवा हात मागं जात नाही, कुणाला सांगत नाहीत. हूक पुढं लावायचे, चुणीच्या आत. पाठीवर नुसते शोभेचे. सूनबाईंना कळू नये."

सूनबाई तिथंच उभ्या होत्या.  मी वही घ्यायला हात पुढं केला.

मालतीबाई म्हणाल्या, "थांबा. पुढचं पान कुणाचं आहे?"

पुढचं पान निखिलचं. मंजण्णानं उघडलं, "पोट अडतीस" एवढं वाचलं आणि घडी केलेला फॉर्म खाली पडला. त्यानं तो उचलला. छापलेलं मराठी त्याला येत नव्हतं, मी लिहिलेलं येत होतं. उभ्या उभ्या वाचला. "नाही. नागोजीराव. मराठी. दोन." मालतीबाई शेजारी वाकून छापील प्रश्न वाचायला लागल्या. आडनाव, नाव, घरी बोलली जाणारी भाषा, घरातली माणसं. प्रश्न त्यांचा, उत्तर मंजण्णाचं. ती आई आणि तो शहाळेवाला मिळून माझा फॉर्म वाचताहेत, आणि मी दोरा धरून उभा.

"अकरावा," मालतीबाई म्हणाल्या. "मंडळाकडून आपली काय अपेक्षा आहे?"

मंजण्णानं घसा साफ केला. "राधक्काला हळदीकुंकवाला बोलवावं. बाकी काही नको."

मालतीबाईंनी चष्मा काढला. "हा फॉर्म परत कुणी दिला?"

"तुमच्या चिरंजिवांनी. कन्नड आहे म्हणाले."

"मंजण्णा," त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "शेवटचं परत वाचा."

त्यानं परत वाचलं. त्यांनी फॉर्म घडी करून ब्लाउजच्या पिशवीत ठेवला आणि गेल्या.

दुपारी तीन वाजता आमच्या दारात अकरा बायका. पुढं मालतीबाई, हातात कुंकवाचा करंडा. मी आत चटईवर पडलेलो, उठलोच नाही. राधक्का दारात गेली. कमरेला पदर, हातात तो एळ्ळु-बेल्लाचा डबा. अकरा तोंडांकडं एकेक करून बघितलं.

"या," म्हणाली. "यादीत नाव आहे ना तुमचं?"

०००

नंतर जिची कंबर छत्तीस होती तिनं मला माफ केलं. जी लाल झाली होती तिचीही माफी मी मागितली, तिनं दुसरा ब्लाउज टाकला. मंजण्णानं माझी माफी मागितली, त्याची चूक नसताना. सूनबाई येऊन म्हणाल्या, आईंचे बाकीचे ब्लाउज पण तसेच करा. निखिल एकदा आला होता. म्हणाला, "आजोबा, माझं पोट अडतीस नाहीये." एवढंच बोलून गेला.

मृण्मयी म्हणते, शेवटी त्याचं नाव-माप लिहू नका, काका, बरं दिसत नाही. मी लिहितो. त्यांच्याच फॉर्मच्या रीतीनं, आडनाव आधी.

केळकर, निखिल दत्तात्रय. पोट अडतीस.