मोहफुलांचा वास

चैत्रात आमच्या गडचिरोलीच्या रानात उजेडाच्या आधी वास जागा होतो. ओलसर, गोड, किंचित आंबूस असा तो मोहफुलांचा वास झाडाखालच्या पाचोळ्यातून वर येतो, आणि सासूबाईंसोबत वाकून टपोरी फुलं वेचताना बोटांत, केसांत, पदरात कधी उतरतो ते कळतही नाही. मला तो लहानपणापासून अन्नाचाच वास वाटत आला. फुलं वाळवून आम्ही भाकरीत घालतो, उरलेली बाजारात नेतो. त्यांची दारूही होते, पण ती दुसऱ्यांच्या घरी, असं मी धरून चालले होते.

नवऱ्यावर दारू सोडण्याचे उपचार सुरू झाले, तेव्हा दवाखान्यातल्या समुपदेशक ताई म्हणाल्या होत्या, आठवण करून देणारं काही घरात ठेवू नका. मी मोठ्या तोऱ्यात बाटल्या, पेले, सगळं उकिरड्यावर नेऊन टाकलं. घर सोवळं झालं, असं समजून बसले.

दर आठवड्याला आम्ही दोघं बसने तालुक्याला जातो. औषध घ्यायचं, ताईंशी बोलायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. मोहफुलं पडू लागली तसे हे मला सोडून मागच्या बाकावर बसू लागले. माझ्या मनाला ते लागलं. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला त्यांना बायकोशेजारी बसायची लाज वाटते, या रागात मी रस्ताभर फुलं गळालेले पळस बघत राहिले, एकदाही वळून पाहिलं नाही.

परवा ताईंनी त्यांना विचारलं, प्यावंसं कधी वाटतं?

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "हिच्याजवळ बसलो का. हिच्या पदराले मोहफुलाचा वास येते, ताई. पन हिले काई म्हनू नोका. फुलं तं झाडच पाडते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज तोच वास अंगावर घेऊन मी त्यांना भाकरी वाढत होते, आणि ते निमूटपणे दूर सरकत होते.

परतताना मीच मागच्या बाकावर जाऊन बसले, पदर पोटाशी गच्च गुंडाळून. बस सुटल्यावर हे पुढून उठून आले. जोर लावून खिडकीची काच सरकवली, तोंड वाऱ्याकडे केलं आणि माझ्या शेजारी बसले. बाकाची कड त्यांनी मुठीत धरली होती. गाव येईपर्यंत ती मूठ सुटली नाही. उद्या पहाटे सासूबाई टोपली घेऊन मला हाक मारणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.