स्किमरला तेलपाणी

खाऱ्या पाण्याची माशांची टाकी घरात ठेवू नका. ठेवलीच तर स्किमर घेऊ नका, आणि घेतलाच तर माझ्याकडं सल्ला मागायला येऊ नका. त्या नळकांड्याचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

स्किमर म्हणजे टाकीच्या मागच्या काठाला अडकवायची हातभर उंचीची प्लास्टिकची नळी. तिचा पंप टाकीच्या तळाशी असतो. तो पाणी ओढतो, त्यात हवा घुसळतो आणि बारीक बुडबुडे करतो. माशांची घाण, उरलंसुरलं खाणं, सगळा चिकटा त्या बुडबुड्यांना धरून वर चढतो, डाळ शिजताना फेस येतो तसा, आणि वरच्या वाटीत काळं पाणी होऊन साठतो. वासाचं तर विचारूच नका. ती वाटी रोज धुवायची, नळीच्या गळ्याची बुळबुळ पुसायची आणि एका स्क्रूनं नळीतल्या पाण्याची पातळी ठरवायची. पातळी खाली राहिली तर फेस वाटीपर्यंत पोचत नाही. वर गेली तर टाकीतलं पाणीच वाटीतून बाहेर सांडतं. स्क्रू जरासा फिरवायचा आणि एक दिवस गप्प बसायचं, एवढाच नियम. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

मी एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये कापडाच्या शेड जुळवते. कापड रंगवून घेणारी पार्टी म्हणते हा मरून नाही, रंगाचा मास्तर म्हणतो हाच मरून, आणि दोघं मिळून माझ्यावर ओरडतात. संध्याकाळी कोसाडला घरी येऊन टाकीपुढं बसलं की डोकं थंड व्हायचं. आमचे जुने लॅबवाले साहेब सुरत सोडून गेले तेव्हा टाकी मला देऊन गेले. त्यात दगड, दगडावर चिकटलेलं एक समुद्रफूल, आणि त्या फुलाच्या बोटांत लोळणारे दोन नारंगी मासे. मोठी ती मादी. मी काचेला बोट लावलं की सरळ बोटापाशी यायची. आजूबाजूच्या बाया हसायच्या. "समुंदर तो हजिराके उधर पडा है, बाई, और तू मीठ का पाणी विकत बनाती है?" हसू देत. संसारात सगळं सगळ्यांचं असतं. ती एक मासोळी माझी होती, आणि ती जगावी म्हणून मी त्या स्किमरचे नखरे सोसत होते.

घरात आम्ही तिघं. नवरा इच्छापोरला कॉन्ट्रॅक्टवर फिटर, त्याचं तोंड रविवारी दिसतं. आणि माझे सासरे, आबा. आबा तरुणपणी धुळ्याकडून आले आणि कतारगामला लूमचे मास्तर झाले. बंद पडलेला माग नुसता आवाज ऐकून चालू करणारा माणूस. गेल्या साली शेठनं जुने माग भंगारात घातले आणि आबा घरी बसले. बसले म्हणजे काय, बसवतच नव्हतं त्यांना. मिक्सर उघड, पंख्याचा स्क्रू आवळ, शेजारच्यांची शिलाई मशीन दुरुस्त कर. मी म्हणायचे, बरंय, हात चालू आहेत.

एका सोमवारी स्किमरचा फेस मेला. वाटी कोरडी ठणठणीत. पंप चालू, बुडबुडे येतायत, पण वर चढायच्या आतच फुटतायत. मी नळी काढून व्हिनेगरनं धुतली. हवेची नळी सुईनं साफ केली. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक गोरा बाबा हसत हसत सांगतो, धीर धरा. तुझ्या घरी तुझी मासोळी श्वासासाठी वर येतेय का रे बाबा? माझी येत होती. समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं. पाणी गढूळ दिसायला लागलं. मी स्क्रू फिरवला. तासाभरानं परत फिरवला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना आणि आल्यावर फिरवला. लॅबमध्ये पोरींना मी रोज सांगते, रंग ओतल्यावर थांबा, लगेच दुसरा ओतू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गुरुवारी पंपच बाहेर काढला, तर बोट घसरलं. वास घेतला. मिलमध्ये हा वास रोज नाकात असतो. मशीनचं तेल!

आबा खाटेवर बसले होते. मी पंप त्यांच्यासमोर धरला.

"हे काय आहे, आबा?"

"खरखर करी राह्यनं व्हतं, माय," ते अगदी सहज म्हणाले. "रविवारे बाहेर काढीसन दोन थेंब तेल टाकं."

रविवार. आयुष्यभर सुट्टीच्या दिवशी बंद मागांना तेलपाणी केलेला माणूस. खरखर ऐकली आणि कुपी घेऊन पोचला. एरवी मी हसले असते. पण त्या दोन थेंबांनी फेस मेला होता, फेस मेल्यानं पाणी सडत होतं, आणि चार दिवस मी वेड्यासारखी स्वतःचीच चूक शोधत होते.

मग जे तोंडात आलं ते बोलले. तुम्हाला कोणी सांगितलं होतं? हा काय तुमचा माग आहे? दिसलं मशीन की घाला तेल! आणि शेवटी, एवढ्या मोठ्यानं की जिन्यातल्या बाया ऐकायला थांबल्या: "आजपासून या घरातल्या कुठल्या वस्तूला हात लावायचा नाही. मला विचारल्याशिवाय बटणसुद्धा दाबायचं नाही!"

आबा एवढंच म्हणाले, "बरं."

सासऱ्याशी असं बोलायचं नसतं, हे मला कोणी शिकवायला नको. रविवारी नवरा म्हणालाही, "जास्त बोललीस तू." मी म्हटलं, आधी माझी मासोळी वाचू दे, मग बघू. माफी मागायची होती. खोटं कशाला सांगू, खरंच मागायची होती. पण मनात अजून राग होता, आणि उद्या बोलू, परवा बोलू करत राहिले.

पाण्यावर कागद पसरून पसरून मी तेलाचा तवंग उचलला. थोडं पाणी बदललं, कोळशाची पुरचुंडी टाकीत सोडली. मासोळी जरा सुधारली, खायला लागली. फेस मात्र येईना. मी रोज स्क्रू अजून थोडा वर, अजून थोडा वर करत गेले. तेल हळूहळू विरतं आणि मग फेस आपोआप परततो, हे मी वाचलं होतं. वाचून काय उपयोग, हात गप्प बसला पाहिजे ना.

तिकडे आबांनी "बरं" म्हटलेलं शब्दशः पाळलं. मी स्वयंपाकघरात असले की दारात येऊन उभे. "पंखा लाऊ का?" लावा की, आबा! "टीव्ही लाऊ का?" मी कामावर गेले की फोन. "गॅस पेटाडू का, माय? चहा करना व्हता." पहिल्या दिवशी मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाटलं, मुद्दाम करतायत, मला शिक्षा देतायत. तिसऱ्या दिवशी मी फोनवर खेकसले, "आबा, मी कामात आहे!" पण मनासारखं करा, हे दोन शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत.

बुधवारी दुपारी लॅबमध्ये पार्टी बसलेली. मरूनचाच तमाशा. फोन वाजला, आबा. कट केला. परत आबा. कट केला. परत वाजला तेव्हा फोन उलटा करून टेबलावर ठेवला. पार्टीतला एक जण फोनकडं बोट दाखवून म्हणाला, "उपाडी लो ने, बेन, अर्जंट हशे." मी म्हटलं, "अर्जंट कसलं, घरी सासऱ्यांना चहा करायचाय." सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी दार उघडलं तर फरशी ओली. खाटेशेजारी तीन बादल्या, एक पातेलं, एक टोप, सगळे खाऱ्या पाण्यानं काठोकाठ भरलेले. आबा गुडघ्यांवर बसून धोतराच्या फडक्यानं पाणी टिपत होते आणि टोपात पिळत होते. हात पांढरे पडले होते. वर स्किमरच्या वाटीतून अजून थेंब थेंब गळत होतं.

फेस परत आला होता. दुपारी कधीतरी तेलाचा उरलासुरला अंश गेला, आणि मी वर वर चढवून ठेवलेल्या पातळीनं फेस, आणि फेसामागून टाकीच, वाटीतून बाहेर ओतली. पंप तळाशी, त्यामुळं त्यानं खालपर्यंत ओढलं. टाकीत चार बोटं पाणी. छोटा मासा त्यात आडवातिडवा पळत होता. समुद्रफूल दगडावर उघडं पडून लोंबत होतं. पाणी खाली गेलं तरी मोठीनं ते सोडलं नव्हतं. ती त्याच्या बोटांतच वाळली होती.

मी दगडावरून तिला हातात घेतलं. हलकी होती.

"काय व्हयनं, तुले फोन कया व्हता," आबा खालून म्हणाले. "तीन डाव. तू उचला नही."

"अहो, बटण बंद करायचं ना!" मी ओरडलेच. बटण तिथंच होतं, त्यांच्या डोक्याच्या वर हातभर. जन्मभर मशीन बंद-चालू करत आलेल्या माणसाच्या हाताला ते दिसत नव्हतं असं थोडंच होतं.

आबांनी फडकं टोपात पिळलं. पंप कोरड्यात खरखरत होता, आणि त्या आवाजानं त्यांच्या कपाळावरची शीर हलत होती. तरी ते उठले नाहीत.

"आबा," मी म्हटलं, "बटण बंद करा."

त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं.

"करू?" त्यांनी विचारलं.