जिताड्याच्या पिल्लांचा पत्ता

डोंबिवलीत स्वतःचा पत्ता सगळ्यांनाच पाठ असतो. माशांचे पत्ते पाठ असलेला माणूस मी एकच पाहिला. आमची इमारत ज्यांच्या खाडीकाठच्या भातखाचरांवर उभी आहे, ते हे आजोबा. तळमजल्यावर राहतात. मी नवा राहायला आलो तेव्हा त्यांनी माझं नावगाव विचारलं नाही. माझ्या स्कूटरकडे बोट दाखवून म्हणाले, "गाडी उभी केलीस ना, तिथं जिताड्याची पिल्लां येवाची. सरावनात, उधानाच्या पान्याबरोबर." मी ओशाळून स्कूटर चार हात पलीकडे नेली. "तिथं कोलंबी," ते म्हणाले.

मोठ्या मासळीचं त्यांना कौतुक नाही. "मोठा मासा बाजारात पन दिसतं. बारका कवा येतं, कुठं लपतं, त्यो बघ!" बाजारात कोणी बोटभर बोय विकायला ठेवलेली दिसली की तिथेच त्यांचं व्याख्यान सुरू होतं. आमच्या नाक्यावरची मासेवाली तर त्यांना लांबून पाहूनच पाटीवर फडकं टाकते. माझी मुलगी जन्मली त्या आठवड्यात बोयची पिल्लं नाल्याच्या तोंडाशी आली होती. तेव्हापासून ते तिचा वाढदिवस पिल्लांच्या येण्यावर धरतात, आणि तिला दर वर्षी दोनदा खाऊ मिळतो. तिची काही तक्रार नाही.

खाचरं गेली तेव्हा जिताड्याची पिल्लं खाडीच्या एका आखूड फाट्यात येऊ लागली. आता त्या फाट्यातही भराव पडतो आहे. दर श्रावणात आजोबा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घेऊन तिथे जातात, पिल्लं धरतात, मोजतात, सोडून देतात आणि वहीत लिहितात. गेली दोन वर्षं एकही मिळालं नव्हतं. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्यांनी मला पाठवलं. ऐन भरतीला मी कितीतरी वेळा जाळी बुडवली. चिखल आला, पिशव्या आल्या. परत आलो तर आजोबा दारातच खुर्ची टाकून बसलेले. त्यांचा तो चेहरा बघून मला खरं बोलवेना.

"दिसली आजोबा! चांगली पाच-सहा. चांदीसारखी चकाकत होती."

त्यांनी मांडीवरची वही उघडली.

"जिताड्याचा पिलू काळपट असतं रं," ते हळूच म्हणाले. "डोक्यावर पांढरी रेघ." मग वही माझ्यापुढे धरली. "शून्य लिव."

"राहू द्या ना. जागा कोरी ठेवू."

"कोरी नको. कोरी ठेवलीस तं वाटंल, बघाला कोनी गेलाच नव्हता."

मी त्यांच्या पायाशी बसून शून्य लिहिलं. माझी मलाच लाज वाटत होती, माफी मागायची होती. पण आजोबांचं तिकडे लक्ष नव्हतं. अमावास्येच्या उधाणाला मी घरातून किती वाजता निघायचं, ते मला समजावून सांगत होते.