टेक

आमच्या तळ्यावर आता पाटी लावली आहे: पाणी खोल आहे, उतरू नये. बैल गेला अन् झोपा केला. ती पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. अरे, खोल नव्हतंच तिथं पाणी. खोल मी केलं.

त्या जागेला गावात टेक म्हणायचे. काठापासून आत वीसेक पावलं गेलं तरी पाणी छातीच्या वर यायचं नाही, पाय खाली टेकायचा, म्हणून टेक. गावातला प्रत्येक माणूस तिथंच पोहायला शिकला आणि बहुतेकांना माझ्या थोरल्या भावानं शिकवलं. पाठीला डबा बांधायचा, पोटाखाली हात धरायचा आणि न सांगता हात काढून घ्यायचा, ही दादाची पद्धत. पूर्वी डालड्याचा डबा असायचा, आता तेलाचा कॅन. मी सात वर्षांचा असताना असाच शिकलो. वहिनी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. काठावर धुणं आपटत ती मला हसायची.

मग दुष्काळाची दोन वर्षं आली. तळं तळापर्यंत आटलं. गाळ फुकट न्या, असं सांगण्यात आलं आणि सगळं गाव ट्रॅक्टर घेऊन तळ्यात उतरलं. माझं रान मुरमाड, मला गाळ लई पाहिजे होता. मधे ट्रॅक्टर रुतायचा, टेकेवर मात्र रस्ता लागूनच. मी जेसीबी तिथं लावला.

दादा आला. म्हणाला, "तेवढी टेक सोड. पोरं कुठं शिकतील?"

मी फटकन बोललो, "पानी कुठं हाय दादा? धुळीत पवायला शिकवनार का?"

तो माघारी गेला आणि परत तिकडं फिरकलेला मला दिसला नाही. टेकेच्या उजव्या अंगाला मी दोन पुरुष खोल खड्डा केला. काळाभोर गाळ निघाला, लोण्यासारखा. मला भारी आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी तळं काठोकाठ भरलं. आणि एक दिवस जेवताना वहिनी दादाला म्हणाली, "अवो, मला बी शिकवा की पवायला."

मी हसलो. म्हटलं, "वहिनी, या वयात?"

"तुमी गप बसा भावजी. नाकातोंडात पानी गेलं म्हून कोन बोंबलत हुतं, मी बघितलंय. चाळीस वर्सं त्या तळ्यावर धुनं धुतलं, पर गुडघ्याच्या वर पानी लागलं न्हाई. एकदा माझं नवं लुगडं व्हात गेलं, अन् मी काठावर बसून बघत राहिले."

दादा ओशाळला. गावभर पोरं शिकवली आणि घरातली बाई कोरडीच राहिली होती. दुसऱ्या दिवसापासून तो तिला घेऊन जाऊ लागला. काष्टा घालून, पाठीला कॅन बांधून वहिनी पाण्यात हातपाय मारायची आणि घरी येऊन आज किती हात गेले ते सांगायची. इतकी खूष मी तिला कधी बघितली नव्हती.

मी तेव्हाच खड्ड्याचं सांगायला पाहिजे होतं. आज सांगू, उद्या सांगू असं केलं. सांगितलं की दादा म्हणणार, तुला बोललो होतो. तेवढं एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं. दादा डाव्या अंगालाच शिकवतो, हे मी दोनदा जाऊन बघून आलो. शिवाय खड्डा गाळानं भरून आला असेल, अशी मनाची समजूत घातली.

त्या दिवशी दादा वडवणीच्या बाजाराला गेला होता. वहिनी बायकांबरोबर धुण्याला गेली. कॅन घरीच होता. बायका सांगतात, ती छातीभर पाण्यात जाऊन हसत म्हणाली, "या की गं, हितं पाय टेकतो." मग जरा उजवीकडं सरकली. काठावर आठ बाया होत्या, एकीलाही पोहता येत नव्हतं. त्यांनी लुगड्याला लुगडं बांधून फेकलं. ते पोचलं नाही.

आरडाओरडा ऐकून मी रानातून पळत आलो आणि तशीच उडी घेतली. मला शोधावं लागलं नाही. पहिल्याच बुडीत वहिनी हाताला लागली, पण उशीर झाला होता. लोक म्हणाले, देवानंच नेमकी जागा दाखवली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दादा ओसरीवर बसला होता. मी त्याचे पाय धरले. म्हटलं, "दादा, तो खड्डा माझा हाय. तिला मारलं ते मी."

तो शिव्या देईल, लाथ घालील, मला चालणार होतं. तो माझ्याकडं बघेना. अंगणाकडं बघत म्हणाला, "मला ठाव हुतं."

मला कळेना.

"तळं भरायच्या आदी मी पायी फिरून आलतो. खड्डा बघितला हुता. म्हून तर तिला डाव्या अंगाला ठेवायचो. म्हनलं, आत्ताच सांगितलं तर भेल, परत पान्यात उतरायची न्हाई. लई हौस हुती रे तिला. म्हनलं, कॅन सुटला की सांगू."

कॅन खुंटीला होता. तिनं त्याची दोरी धुऊन नीट गुंडाळून ठेवली होती.