आबांच्या रांजणात मी गूळ घातला

माझ्या सासऱ्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं. आबा दारूबंदीवर तास-तासभर बोलायचे आणि घरी येऊन द्राक्षांच्या दारूच्या रांजणाला कान लावून बसायचे. घरात तिला रस म्हणायचं, दुसरा शब्द काढायची मुभा नव्हती. आबांच्या मते दारू म्हणजे माणसाने भट्टी लावून केलेला खटाटोप. द्राक्षांनी आपखुशीने काही केलं, तर त्याचं पाप माणसाला कसं लागेल?

साक्रीच्या पुढे, डोंगराला टेकून आमची अर्ध्या एकराची बाग होती. फाल्गुनातसुद्धा तिथे सकाळी दात वाजायचे. तरुणपणी आबा एका पाद्र्याच्या बागेत माळी होते, तिथून हे वेड घेऊन आले. काळी द्राक्षं घरातल्यांनीच तोडायची, घरातल्यांनीच पायाने तुडवायची, रांजणात भरून तोंडाला फडकं बांधायचं आणि गप्प बसायचं. साखर नाही, गूळ नाही, काही नाही.

“त्यास्ले त्यास्नं काम करू द्या,” आबा म्हणायचे. “आपन मझार पडानं नही.”

लोकांच्या लग्नात, शेजारच्या भांडणात, माझ्या स्वयंपाकात मात्र ते खुशाल मध्ये पडत. पहिली तीन वर्षं द्राक्षांनी आपलं काम केलं आणि नुसता शिरका दिला. आम्ही वर्षभर त्यात मिरच्या मुरवल्या.

चौथ्या वर्षी आबांनी पळीभर चाखलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. सासूबाईंना वाटलं, गेले. मग म्हणाले, “जमनं.” आम्हाला मात्र थेंब दिला नाही. दारूबंदीवाल्याच्या घरात बाकीच्यांनी कशाला प्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमारास आबांनी दारूच्या दुकानासमोर माणसं बसवली होती. दुकानदाराने चिडून, आबांच्याच घरात दारू आहे, असा अबकारीकडे अर्ज केला. उद्या साहेब झडतीला येणार, ही बातमी गावच्या वैद्यांनी भर दुपारी आणली. आबा तेव्हा शेजारच्या गावी लोकांना शपथा देत होते. वैद्य म्हणाले, नुसता रस सापडला तर ती दारू, आणि आबा तुरुंगात. काढा घालून आसव केलं तर ते औषध, मग कोणी हात लावत नाही.

नवरा आढ्याकडे बघत बसला. सासूबाई जपमाळ शोधायला गेल्या. मला दोघांचा संताप आला. आबांच्या शब्दावर दारू सोडलेली गावातली घरं माझ्या डोळ्यांसमोर होती. आबा पकडले गेले असते, तर ती सगळी संध्याकाळी पुन्हा दुकानात दिसली असती. मी चूल पेटवली, सुंठ, लवंग, पिंपळीचा काढा केला, त्यात गुळाची अर्धी ढेप विरघळवली आणि सगळं रांजणात ओतलं. आबा अंधार पडल्यावर दमून आले आणि जेवून झोपले. त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

सकाळी साहेबांनी फडकं सोडलं, तर ओसरीभर सुंठीचा वास. त्यांनी पळी आबांपुढे धरली. आबांनी चाखलं. या वेळी डोळे मिटले नाहीत, थेट माझ्यावर आले. मी पदर पुढे ओढला.

“यात काय काय घातलंय?” साहेबांनी विचारलं.

“सुंठ, लवंग, पिंपळी, गूळ,” आबा म्हणाले. “बठ्ठं मीच टाकं.”

आबांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. साहेब आईच्या खोकल्यासाठी दोन बाटल्या भरून घेऊन गेले.

आता शिव्या बसणार, म्हणून मी तिथेच उभी राहिले. फार वाईट वाटत होतं. आबांनी फडकं पुन्हा नीट बांधलं.

“बरं करं, पोरी,” ते म्हणाले. मग विचारलं, “टाकाना पहिले तू चाखेल व्हतं का?”

मी मान हलवली. नव्हतं चाखलं.

“चाखाले पाहिजे व्हतं,” आबा म्हणाले. “कसं व्हतं ते आते मी कोनले सांगू?”