चक्रं मी हिब्रूत शिकलो

बायको गेल्यानंतर मी मित्स्पे रामोनमध्ये एकटाच राहत होतो. हे गाव नेगेवच्या वाळवंटात, एका प्रचंड खोल खळग्याच्या काठावर आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही ठाण्याहून इस्रायलला आलो तेव्हा आम्हांला घर इथे मिळालं, म्हणून आम्ही इथे राहिलो, एवढंच. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने वर्षभरात हिब्रू उचलली आणि मराठी खाली ठेवली. आम्ही मराठीत विचारायचो, ती हिब्रूत उत्तर द्यायची. सैन्यातली दोन वर्षं संपल्यावर ती तेल अविवला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. त्यानंतर बायकोच्या किडन्यांनी दगा दिला. दीड वर्ष आम्ही बसने बीरशेबाच्या हॉस्पिटलच्या खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला परत येताना मी एकटा होतो.

मी गावातल्या शाळेत काम करायचो. नळ दुरुस्त करणं, बल्ब बदलणं, खुर्च्या लावणं. या कामाला हिब्रूत 'अव बायित' म्हणतात, म्हणजे घराचा बाप. दुपारपर्यंत मी साऱ्या शाळेच्या घराचा बाप असायचो आणि मग स्वतःच्या घराचं कुलूप काढायचो. आत कुणी नसायचं. गावात पूर्वी आमच्यासारख्या मराठी ज्यूंची दोन-तीन कुटुंबं होती, ती एकेक करून लोदला नातेवाइकांकडे निघून गेली होती. शनिवारी सिनेगॉगमध्ये माणसं भेटत, पण ती मोरोक्कोची आणि रशियाची. प्रार्थना तीच, चाल मात्र वेगळी. माझी आई तोंडातल्या तोंडात गुणगुणायची ती चाल तिथे कुणाला ठाऊक नव्हती. महिनेच्या महिने माझ्या तोंडून मराठी शब्द बाहेर पडत नव्हता. भाजी चिरताना बोट कापलं तर 'आई गं' म्हणायचो, तेवढाच.

एके दिवशी किराणा दुकानात एका बाईने मला हटकलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस बारीक कापलेले. तू भारतातला ना, असं तिने विचारलं. हिब्रूत अहो-जाहो नाही, तरी माझ्यापेक्षा बऱ्याच लहान बाईचं ते 'तू' मला तेव्हाही जरा झोंबलं. ती उत्तरेकडच्या एका किबुत्झमधली, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीतली. भारतात चार वर्षं राहून योग शिकली होती आणि गावाबाहेर, जुन्या कारखान्यांच्या भागात एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन चक्रांचे वर्ग घेत होती. तिच्याकडे भारतातून आणलेला एक तक्ता होता. त्यावरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती आणि आपले उच्चार चुकतात, हे मात्र तिला कळत होतं.

मी तिला स्पष्ट सांगितलं की चक्रांबद्दल मला काही माहिती नाही. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, कोकणातून आलेले मराठी ज्यू. आमच्या घरी शनिवारी विश्रांतीचा शब्बाथ पाळायचे, नवस फेडताना मलिद्याचं ताट व्हायचं, पण चक्र म्हटलं की मला झेंड्यावरचं तेवढं आठवणार. तिने विचारलं, वाचता तरी येईल ना? मंगळवारी दुपारी ये.

मी गेलो. शेडमध्ये पूर्वी शिवणकामाचा कारखाना होता. सिमेंटच्या जमिनीवर चटया टाकलेल्या, कोपऱ्यात एक रॉकेलचा स्टोव्ह, आणि सात-आठ जण बसलेले. बहुतेक तेल अविव सोडून वाळवंटात शांतता शोधायला आलेले तरुण. भिंतीवरच्या तक्त्यात एक माणूस मांडी घालून बसला होता आणि त्याच्या कण्यावर खालपासून वरपर्यंत सात कमळं काढली होती. शेजारी देवनागरीत नावं. मी मोठ्याने वाचू लागलो. मूलाधार. स्वाधिष्ठान. मणिपूर. तिसऱ्या शब्दाला माझा आवाज फाटला. अक्षरं मला शाळेतल्या फळ्यासारखी ओळखीची होती आणि ती मोठ्याने म्हणून कित्येक वर्षं झाली होती. मी खोकल्याचं निमित्त केलं, पाणी प्यालो आणि पुढचं वाचलं. अनाहत, विशुद्ध, आज्ञा, सहस्रार.

मग ती अर्थ विचारू लागली. मूल म्हणजे मूळ आणि आधार म्हणजे टेकण, हे मला सांगता आलं. स्वाधिष्ठान म्हणजे आपली स्वतःची बसायची जागा. आज्ञा म्हणजे हुकूम. कुणाचा, असं एका पोराने विचारलं. ते तक्त्यावर लिहिलेलं नाही, असं मी म्हटलं. अनाहतापाशी मी अडलो.

तिने सांगितलं, "आघात न होता उमटणारा नाद. दोन वस्तू एकमेकींवर आपटल्या की आवाज होतो. हा तसा नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आहत म्हणजे घाव बसलेलं आणि अनाहत म्हणजे घाव न बसलेलं. शब्द माझ्या घरचा, आणि तो मला परक्या भाषेत एक परकी बाई उलगडून सांगत होती. मी तिला म्हटलं, "म्हणजे ते माझ्यात नसणार."

ती म्हणाली, "ज्याला मार बसतो ते वरचं. हे त्याच्या खाली असतं. तिथवर कुणाचा हात पोचत नाही."

मी दर मंगळवारी जाऊ लागलो. मनात थोडी धाकधूक होती. सिनेगॉगमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मोरोक्कन म्हाताऱ्याला मी विचारलं की हे आपल्या धर्मात चालतं का. त्याने विचारलं, तिथे मूर्ती आहे का? मी म्हटलं, नाही, नुसता श्वास घ्यायचा असतो. तो म्हणाला की श्वास घ्यायला कुणी बंदी केलेली नाही. तरीही बीजमंत्र म्हणायच्या वेळी मी गप्प बसायचो. बाईची त्याला हरकत नव्हती. हिब्रूत श्वासाला नेशिमा म्हणतात आणि आत्म्याला नेशामा, तुला एवढं पुरे, असं ती म्हणायची.

ती जे शिकवायची ते साधं होतं. एकेका जागी लक्ष न्यायचं आणि श्वास तिथे पोचू द्यायचा. सगळ्यांत खालच्या जागी भय असतं आणि आधारही तिथेच असतो. त्याच्या वर हौस, इच्छा. बेंबीपाशी धग, राग आणि हिंमत. छातीत माया. गळ्यात खरं बोलणं. भुवयांमध्ये नीट पाहणं. टाळूवरच्या सातव्याबद्दल ती फारसं बोलत नसे. लोकांना चटकन वर जायचं असतं, असं ती म्हणायची. तळाशी शक्ती झोपलेली असते, पण ती मधल्या मजल्यांवर थांबत थांबतच वर येते आणि जिथे माणूस स्वतःशी खोटं बोलतो तिथे अडते. सुरुवातीचे दोन महिने मला मूलाधाराशी गार सिमेंटखेरीज काही जाणवलं नाही. नंतर जाणवली ती भीती. आपण इथे मरून पडलो तर कुणाला कधी कळेल, ही. मी ती रोज रेडिओच्या आवाजाखाली दाबून ठेवत होतो. त्या भीतीकडे पाहत बसलो तेव्हा ती कमी झाली नाही, पण तिला निदान चेहरा मिळाला.

हिवाळ्यातल्या एका मंगळवारी तिने आम्हांला उताणं झोपवलं आणि एकेकाच्या छातीवर तळहात ठेवत ती फिरली. माझ्यापाशी आली. हात उबदार होता. मिनिटभर मी तसाच राहिलो, मग उठलो, बूट हातात घेतले आणि बाहेर पडलो. बाहेर धुकं होतं, रस्त्यात लांब शिंगांचे रानबोकड उभे होते. घरी जाईपर्यंत मी बूट घातले नव्हते हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तीन आठवडे मी गेलो नाही. मग एका दुपारी तीच माझ्या दारात आली. मी चहा टाकला. तुझी परवानगी घ्यायला हवी होती, मी चुकले, असं ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं, ते मला सांगायचं होतं. हिब्रूत शब्द जुळवायला वेळ लागला. दोन वर्षांत मला कुणी हात लावला नाही, दवाखान्यातली नर्स ब्लडप्रेशर घेते तेवढंच, असं मी तिला सांगितलं. तिने कप खाली ठेवला. नंतर तिने जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही.

"मी दहा वर्षं शिकवते आहे. पण गळ्याच्या वर मला स्वतःला काही कळलेलं नाही. आज्ञा आणि सहस्रार मी पुस्तकातून शिकवते. हे मी वर्गात कधी बोलले नाही."

"मग गळा उघडला की," मी म्हटलं.

ती हसली. आमच्या त्या सगळ्या ओळखीत मी तिला हसवलं ते एवढ्याच वेळी.

मी पुन्हा जाऊ लागलो, पण त्यानंतर फार दिवस वर्ग चालला नाही. ती बसमध्ये बॉम्ब फुटण्याची वर्षं होती. लांबचा प्रवास लोक टाळू लागले, सुट्टीत गावात येणारी माणसं आटली, शेडमध्ये आम्ही तिघंच उरलो. उत्तरेत तिची आई आजारी होती. वसंतात ती सामान बांधून गेली. तक्ता तिने सोबत नेला. दोनदा तिचा फोन आला, नंतर नाही. मीही केला नाही. शेडला पुन्हा कुलूप लागलं. मंगळवारची दुपार आली की मला काय करावं ते सुचेनासं झालं. वर्गाआधीच्या एकटेपणापेक्षा हा जड होता, कारण आता तो मला स्पष्ट दिसत होता.

मी सकाळी घरी बसू लागलो. खालून सुरुवात करायचो आणि गळ्यापाशी येऊन थांबायचो. तिथे काहीतरी अडकलेलं असायचं आणि ते काय, ते मला ठाऊक होतं. मुलगी दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागण्याआधी फोन करायची. "अब्बा, हाकोल बेसेदेर?" सगळं ठीक ना? मी "बेसेदेर" म्हणायचो. ती कामाबद्दल चार वाक्यं सांगायची आणि आम्ही 'शब्बाथ शालोम' म्हणून ठेवून द्यायचो. आईचा विषय आम्ही दोघांनीही काढलेला नव्हता.

एका शुक्रवारी तिने विचारलं आणि माझ्या तोंडून मराठी निघालं. "नाही गं. ठीक नाही. आई गेल्यापासून मला करमत नाही. तुला सांगितलं नाही कधी."

पलीकडे तिने रेडिओ बंद केला. मग ती बोलली. तिचं मराठी दहा वर्षांच्या मुलीचंच राहिलेलं होतं, ती जिथे सोडून गेली होती तिथेच. "मला पण नाही करमत, अब्बा. मला रडायला येतं ऑफिसात. मी बाथरूममध्ये जाते."

पुढच्या शुक्रवारी ती आली. मी भात आणि नारळाच्या दुधातली माशांची करी केली होती. मासे गोठवलेले, चव बेताची. तरी तिने दोनदा वाढून घेतलं. शनिवारी आम्ही खळग्याच्या काठावर जाऊन बसलो. ती बहुतेक हिब्रूतच बोलली. आईचं शेवटचं दुखणं, तेव्हा आपण ऑफिसच्या कामाचं कारण सांगून आलो नाही, त्याचं काय करायचं, हे तिने मला विचारलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, कण्यावर, जिथे हात पडला तिथे. रविवारी पहाटे ती पहिल्या बसने गेली.

पुढे दोन वर्षांनी शाळेचं काम सुटलं आणि मी लोदला राहायला आलो. इथे जिन्यात मराठी ऐकू येतं, म्हाताऱ्या बायका भाजीवाल्याशी हिब्रूत भांडून आपसांत मराठीत हसतात. सिनेगॉगमध्ये चालही माझ्या आईची आहे. मला वाटलं होतं की इथे आल्यावर सकाळचं बसणं सुटेल, पण सुटलं नाही. घर इथेही रिकामंच असतं. मुलगी महिन्यातून एकदा येते. गळ्याच्या वर काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही, आणि सहस्राराबद्दल मला कुणी विचारलं तर मी त्याचा उच्चार तेवढा शुद्ध सांगू शकतो.